शेअर्ड होस्टिंगवर एक्सडीबग का चालत नाही?

तुमचा कोड लोकलवर (तुमच्या स्वतःच्या मशीनवर) ब्रेकपॉइंटला, म्हणजे जिथे थांबायची खूण केली तिथे, थांबतो आणि होस्टिंगवर थांबत नाही, यात तुमच्या सेटिंगचा दोष नाही. एक्सडीबग, म्हणजे पीएचपी कोड थांबवून ओळीओळीने तपासणारा डीबगर, हे झेंड एक्स्टेन्शन (पीएचपीच्या इंजिनला जोडला जाणारा भाग) आहे. ते लोड होतं मुख्य पीएचपी आयएनआय फाइलमधून, आणि शेअर्ड सर्व्हरवर ती फाइल तुमच्या हातात नसते. होस्टने ते आधीच लोड केलेलं असलं तरी डीबगरला सर्व्हरकडून तुमच्या मशीनकडे जोडणी करावी लागते (आवृत्ती ३ मध्ये पोर्ट ९००३, त्याआधी ९०००), आणि बाहेर जाणारे असे पोर्ट फायरवॉल सहसा अडवतं. एकाच मशीनवर अनेकांच्या साइट असताना ते योग्यच आहे, कितीही चीड आली तरी.

'कॉल टु अनडिफाइन्ड फंक्शन' ही एरर नेहमीच्या फंक्शनवर आली तर गोंधळू नका. होस्टने बंद केलेलं फंक्शन पीएचपी ८ पासून अस्तित्वातच नसल्यासारखं वागतं. पूर्वी निदान 'सुरक्षेसाठी बंद' असा इशारा तरी यायचा!

होस्टिंगवर डीबगर चालत नसेल तर साधा लॉगच (एररची नोंद होणारी फाइल) बरा. साइटच्या फोल्डरमध्ये 'डॉट यूजर डॉट आयएनआय' फाइल करून एरर लॉगिंग चालू करा, लॉगचा पाथ तुमच्याच होम फोल्डरमधला पण पब्लिक फोल्डरच्या बाहेरचा द्या. बदल लगेच दिसणार नाही. ही फाइल डीफॉल्टने ३०० सेकंद कॅश होते. पीएचपी सीजीआय किंवा फास्टसीजीआयवर (वेब सर्व्हरने पीएचपी चालवायच्या पद्धती) चालत नसेल तर ती सहसा वाचलीच जात नाही, मग कंट्रोल पॅनेलमधून सेटिंग बदला.

स्टेप-डीबगिंग (ओळीओळीने तपासणं) हवंच असेल तर तीच पीएचपी आवृत्ती लोकलवर घेऊन बग तिथे पकडा.