मूत्रपिंडाच्या संशोधनात पहिले पाऊल टाकताना
औषधशास्त्रात शिक्षण घेऊन मूत्रपिंडाच्या विकारांवर संशोधन करण्याचा तुमचा निश्चय मला मनापासून आवडला. मात्र उंदरांवरील प्रयोगांआधी एक पावसाळा सिंधुदुर्गातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. भातलावणीत चिखलात अनवाणी राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे प्राण्यांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूजन्य ताप, गाठतो, आणि त्यात मूत्रपिंड निकामी होऊ लागले तरी लघवीचे प्रमाण पुष्कळदा टिकून राहते व रक्तातले पोटॅशियम वाढण्याऐवजी घटते. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांना झालेल्या इजेची ही खूण पुस्तकात एका ओळीत संपते, रुग्णाच्या खाटेजवळ मात्र ती कायमची समजते.

क्रिएटिनिनवर, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणाऱ्या आणि मूत्रपिंड गाळून टाकते त्या टाकाऊ द्रव्याच्या पातळीवर, सर्वस्वी विसंबू नका. मूत्रपिंडाची गाळणक्षमता निम्म्याच्या आसपास येईपर्यंत ते सामान्य मर्यादेत राहू शकते, आणि स्नायू झिजलेल्या वृद्धांच्या बाबतीत तर ते अधिकच फसवते. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅकची चौकशीही अवश्य करा: शरीरातले पाणी घटलेले असताना मूत्रपिंडाकडे येणारी सूक्ष्म धमनी प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायने रुंद ठेवतात, आणि ही गोळी नेमके त्यांचेच उत्पादन रोखते.

संयमही लागेल. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन हे द्रव्य १८३५ मध्ये वेगळे काढले गेले. त्याच्याच धर्तीवर घडवलेल्या डापाग्लिफ्लोझिन या औषधाचा मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातला लाभ मोठ्या चाचणीत २०२० मध्ये दिसला. माझे स्वतःचे सहा महिन्यांचे काम नियंत्रण गटाच्या नोंदी अपुऱ्या राहिल्यामुळे बाद झाले होते, म्हणून प्रयोगवही त्याच संध्याकाळी पूर्ण करा.