पत्नीला ओसीडी आहे. ती सारखं ‘गॅस बंद केला ना?’ विचारते, मी ‘हो’ म्हणणं चुकतंय का?

तुम्ही लिहिलंय की घरातून निघताना पत्नी कुलूप बघायला दोन-तीनदा जिना चढून परत जाते, मग ऑफिसातून फोन करून ‘गॅस नक्की बंद केला होता ना?’ विचारते, आणि तुम्ही दर वेळी ‘हो गं, केला होता’ म्हणता. डॉक्टरांनी ओसीडी सांगितलाय, म्हणजे नको ते विचार सारखे मनात येणं आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं. तिची चिंता कधी पूर्ण जाईल का, असंही विचारलंय. मी थेरपिस्ट आहे, ओसीडीचे पेशंट बरेच बघते, आणि चिंतेचा त्रास मला स्वतःलाही कॉलेजपासून आहे.

तुमच्या ‘हो’मागे माया आहे, पण आजार त्यावरच पोसला जातो. ते ऐकून तिला पाच-दहा मिनिटं सुटल्यासारखं वाटतं, आणि मन शिकतं की धोका खरा होता, विचारलं म्हणून टळला. पुन्हा पुन्हा बघून खात्रीही वाढत नाही. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २००३ साली निरोगी माणसांना संगणकावरची गॅसची शेगडी वारंवार तपासायला लावली. त्यांना आठवत होतं ते बरोबरच होतं, पण त्या आठवणीवरचा त्यांचा भरवसा मात्र उडत गेला.

ओसीडीवरच्या मुख्य थेरपीला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी ही वाट दाखवली. जिथे भीती वाटते तिथे जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, तेही एकेक पायरीनं. तुमच्या घरी पहिली पायरी अशी असू शकेल: कुलूप एकदाच लावायचं, ओढून बघायचं नाही, जिना उतरायचा. छातीत धडधडेल. ती धडधड घेऊनच रिक्षात बसायचं.

असा दिलासा देऊ नये, हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी सुरुवातीला चुकले. आपल्या हातून बाळाला इजा होईल, या ओसीडीच्या विचारानं हैराण झालेला एक बाप माझ्याकडे यायचा. (तपशील बदललेत.) उठताना दर वेळी विचारायचा, ‘मॅडम, मी असं नाही ना करणार?’ मी म्हणायचे, ‘नाही हो, कधीच नाही.’ कित्येक आठवड्यांनी लक्षात आलं, त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. ते ‘नाही’ माझ्या घालमेलीवरचं औषध होतं. तुमचं ‘हो’ तुम्हालाही शांत करतं का, हे एकदा तपासून बघा.

पण उद्यापासून एकदम उत्तरं बंद करू नका, तिला ती शिक्षा वाटेल. ती शांत असताना दोघांनी थेरपिस्टसमोर बसून ठरवा. मग फोन आला की म्हणा, ‘तुला भीती वाटतेय, कळतंय मला. याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. मी आहे.’ सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्झेटिनसारखं औषध दिलं असेल, तर पूर्ण गुण कळायला दहा-बारा आठवडे लागू शकतात. मनाने बंद करू नका. जवळ कोणी तज्ज्ञ नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि ‘मंत्रचळ लागलाय’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना सरळ सांगा, हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

चिंता पूर्ण जाईल का? ओसीडीचा विळखा खूप सैल होतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. चिंता अजिबात येणार नाही, असं वचन मी कुणाला देत नाही. परवा मुलगी शाळेच्या सहलीला गेली होती, बस यायला उशीर झाला. हात सारखा फोनकडे जात होता, बाईंना तिसऱ्यांदा विचारायला. मी कणीक मळायला घेतली. पोटात गोळा तसाच होता, आणि तो असताना चौदा पोळ्या झाल्या. पहिल्या चार जरा करपल्या.