४२ सीडींची पेटी आणि मोडायची एफडी

चिंचवडच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३९, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी. हातात येणारा पगार ७८,००० रुपये. घराचा २४,५०० चा हप्ता धरून महिन्याचा खर्च ५२,०००, एसआयपी ८,०००. बँकेत १ लाख १० हजारांची एफडी, दिवाळीला साधारण ९०,००० बोनस. मुलगी पाचवीत, वडील ७२ वर्षांचे. जूडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या पन्नाशीनिमित्त २०२१ मध्ये ४२ सीडींचा संच निघाला होता. इंग्लंडमधला एक विक्रेता तो त्यांना आपल्या हिशेबाने ५८,००० रुपयांना देतोय, पाठवणीचे ५,५०० वेगळे. ते विचारतात, "जगात तीन हजारच प्रती आहेत, भाव वाढणारच. म्हणजे ही एक प्रकारची गुंतवणूकच झाली ना? मग एफडी मोडू, की कार्डावर घेऊन बारा हप्ते करू? बायकोला सध्या तीस हजार सांगितलेत."

पेटी घ्यावी का आणि ती गुंतवणूक आहे का, हे दोन प्रश्न तुम्ही एकात एक गुंतवलेत. ते सोडवले की निम्मं काम होतं. गुंतवणूक आहे का? नाही. घ्यावी का? घ्या, पण या दिवाळीला नको आणि उधारीवर तर मुळीच नको.

आधी ५८,००० चा आकडा डोक्यातून काढा. ती इंग्लंडमधली किंमत झाली, तुमच्या दारातली नाही. सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही; वस्तू, पाठवणी आणि विमा या सगळ्यांच्या बेरजेवर लागतं. त्यावर अधिभार, मग आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. दर मागवायच्या दिवशी तपासा, बजेटमध्ये ते बदलत असतात. हिशेबापुरते सगळे मिळून ३० टक्के धरू. ६३,५०० वर १९,०५० झाले. कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे आणखी २,६००. पेटी चिंचवडला पोचेपर्यंत ८५,००० च्या पुढे गेली, आणि कुरियरवाला कस्टम्सचं काम केल्याचे वेगळे मागणार ते यात धरलेले नाहीत. ते सीमाशुल्क तो दारात मागतो, त्याचे हप्ते होत नाहीत.

आता गुंतवणुकीचं. तुम्ही ती पुढे विकायची ठरवलीत तर गिऱ्हाईक कुठे आहे? पिंपरी-चिंचवडमध्ये मेटल ऐकणारी पोरं भरपूर आहेत, पण या पेटीला लाखभर मोजणारा माणूस बहुधा इंग्लंड, जर्मनी, जपान किंवा अमेरिकेत असणार. म्हणजे पेटी पुन्हा समुद्रापार. विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन १३ टक्के आणि पाठवणी ५,५०० धरली, तर तुमचे ८५,००० जसेच्या तसे परत यायला ती १ लाख ४ हजारांना विकावी लागेल. आज बाजारात तिची किंमत ५८,०००. म्हणजे भाव ८० टक्के वाढला, तर तुमची मुद्दल सुटली! नफा त्याच्या पुढे सुरू होतो. त्यातही ती उघडलेली नको, कोपरा दबलेला नको. तुम्ही ती न ऐकता कपाटात ठेवणार आहात का? पत्र वाचून तरी तसं वाटत नाही.

कराच्या बाजूने एक दिलासा आहे. घरच्या वापराची वस्तू विकून चार पैसे जास्त आले, तर आयकर कायदा तिला सहसा भांडवली मालमत्ता मानत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती हे अपवाद. पण वर्षाला पाच-सहा पेट्या घेऊन विकू लागलात, तर तो धंदा झाला.

‘तीन हजारच प्रती’ याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचा सगळा भरवसा त्या एका आकड्यावर आहे. दुर्मीळ आहे ती पेटी. आतलं संगीत दुर्मीळ आहेच असं नाही, आणि जे आज आहे ते उद्या राहीलच असं नाही. या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका ‘रॉका रोला’ १९७४ ची. ती आणि १९७६ ची ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ गल नावाच्या छोट्या कंपनीने काढली, आणि तिथून बाहेर पडताना बँडला त्या दोन्हींवर पाणी सोडावं लागलं. १९७७ पासून ते सीबीएस या मोठ्या कंपनीकडे. तेव्हापासूनचा बहुतेक साठा आज सोनीच्या हातात आहे. तो साठा वर्धापनाच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा बाजारात येतो: ‘ब्रिटिश स्टील’ला तीस वर्षं झाली तेव्हा २०१० ला, ‘टर्बो’च्या तिशीला २०१७ ला, दर वेळी काहीतरी जास्तीचं जोडून. ‘रॉका रोला’ तर जुने निर्माते टॉम अॅलम यांनी नव्याने मिक्स करून २०२४ ला आली. ज्यांच्याकडे २०२१ ची पेटी होती, त्यांच्याकडे ही नवी आवृत्ती नव्हती. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ हा अख्खा नवा अल्बम आला, तोही पेटीत नाही. संपूर्ण कारकीर्द म्हणून घ्यायला जावं तर बँड अजून थांबलेलाच नाही. त्यांचे गायक रॉब हॅलफर्ड सत्तरी ओलांडूनही गातायत, आता त्यांना काय म्हणणार!

कंपन्या असे संच का काढतात, तेही पाहा. गाणं मोबाइलवर ऐकलं गेलं की कलाकाराच्या वाट्याला पैसे नाही, पैशाचा अंश येतो. लाखो लोकांकडून अंश-अंश गोळा करण्यापेक्षा तीन हजार दर्दींकडून एकदम मोठी रक्कम घेणं सोपं. त्यात गैर काही नाही. फक्त तो भाव रसिकाच्या जिवाला पाहून ठरतो, गुंतवणूकदाराच्या परताव्याला पाहून नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे २०१२ चा १९ सीडींचा ‘कम्प्लीट अल्बम्स’ संच आहे आणि त्यानंतरची ‘फायरपॉवर’ ही सीडी वेगळी घेतलेली आहे. मग या ४२ मध्ये तुम्हाला नवं काय? १९ तुमच्या कपाटात आहेतच, ‘फायरपॉवर’ विसावी. त्या जुन्या संचात हॅलफर्डच्या जागी आलेल्या टिम ‘रिपर’ ओवेन्स या गायकाच्या काळातले ‘जग्युलेटर’ आणि ‘डेमोलिशन’ नव्हते, ते इथे मिळतील. ते तुम्ही किती ऐकाल हे तुम्हीच ठरवा, मी स्वतः ‘जग्युलेटर’ दोनदा ऐकून ठेवून दिला. ‘रिडीमर ऑफ सोल्स’ आणि मधले काही लाइव्ह अल्बम सुटे मिळतात, तेही फार महाग नाहीत. खरा जीव आहे तो आधी कधीच न निघालेल्या १३ डिस्कमध्ये. ८५,००० ला १३ ने भागलं, तर एका डिस्कला साडेसहा हजार पडले. हा भाव तुम्हाला पटत असेल तर पटू दे, हौसेला मोल नसतं आणि तुमच्या हौसेवर मी बोट ठेवणार नाही. पण ४२ आकडा बघून ‘एका सीडीला दोन हजारच’ असा हिशेब करू नका. पेटीबरोबरच ‘रिफ्लेक्शन्स’ नावाचा निवडक गाण्यांचा छोटा अल्बम निघाला होता, त्यात त्या न निघालेल्या ध्वनिमुद्रणांची चव मिळते. आधी तो मागवा. त्यातलं लाइव्ह ऐकून अंगावर काटा आला, तर पुढचं बोलू.

हप्त्यांचं थोडक्यात. दारातलं सीमाशुल्क सोडून कार्डावर जाणाऱ्या ६६,००० चे बारा हप्ते १६ टक्क्यांनी केलेत, तर व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे ६,९०० जातात, प्रक्रिया शुल्क वेगळं. पेटी ९२ हजारांवर गेली. एखादा हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. विषय संपला.

एफडी मोडायला माझा विरोध मुदतीआधी मोडल्याच्या दंडासाठी नाही, तो अर्धा-एक टक्का असतो. तुमचा महिन्याचा खर्च ५२,००० आणि हाताशी १ लाख १० हजार. नोकरी गेली, तर दोन महिने. वाहन उद्योगात मागणी घटली की सुट्या भागांच्या कारखान्यांत आधी ओव्हरटाइम थांबतो, मग कंत्राटी माणसं जातात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. त्यात घराचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. किमान चार महिन्यांचा खर्च, म्हणजे २ लाख ८ हजार, बाजूला हवा. दिवाळीच्या बोनसमधले ७०,००० सरळ दुसऱ्या एफडीत टाका. उरलेल्या २०,००० मधून घराचा स्वतःचा आरोग्य विमा सुरू करा. तुमच्याकडे कंपनीचा तीन लाखांचा मेडिक्लेम आहे, पण नोकरीबरोबर तोही जातो. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तेवढी बचत आहेच. वडिलांना त्या पॉलिसीत घालायची घाई नको. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण मिळतं, त्यांचं कार्ड काढलं नसेल तर ते आधी काढा.

मग पेटीचे पैसे कुठून? तुमच्या पगारातून खर्च आणि एसआयपी वजा जाता १८,००० उरतात, आणि तुम्हीच लिहिलंय की ते "कुठे जातात कळत नाही". ते कळायला लागले की पेटी आपोआप येते. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ८,००० चं आवर्ती ठेव खातं कापलं जाईल असं करा. उरलेल्या दहामधले सात हजार तातडीच्या एफडीकडे वळवा, तीन हजारांत घरच्या बारीकसारीक गोष्टी. आठ महिन्यांत ६४,००० जमतात, व्याज वरचं. तोवर तातडीचा निधीही चार महिन्यांच्या पुढे गेलेला असेल.

आठच महिने का, तर तुमच्या पत्रातली एक ओळ. तुमचे मेहुणे कोव्हेंट्रीत असतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत येतात. कोव्हेंट्री म्हणजे बर्मिंगहॅमच्या शेजारी, जूडास प्रीस्टचं माहेरच म्हणा ना. विक्रेत्याने पेटी त्यांच्या पत्त्यावर पाठवली, तर परदेशी पाठवणी वाचते आणि सामानातून आणली तर शुल्कात मोठा फरक पडतो. परदेशातून येणाऱ्याला ठराविक किमतीपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता येतात. ती मर्यादा अनेक वर्षं ५०,००० रुपये होती, ते उतरतील त्या दिवशी किती आहे ते सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहून ठेवा. त्या मर्यादेत त्यांनी आणलेली चॉकलेटं आणि मुलीचं टॅबलेटही धरलं जातं, हे विसरू नका. वर गेलं तर वरच्या रकमेवरच शुल्क लागतं. बिल हातात ठेवून विमानतळावर शुल्क भरणाऱ्यांच्या लाल मार्गिकेतून जायचं आणि भरायचं. त्यांचे पैसेही बँकेतून रीतसर पाठवा, ‘इथे आईकडे देतो’ असा हातोहात हिशेब नको. आणि पेटी जड आहे. मेहुण्यांना आधी विचारा, बॅगेचं वजन त्यांचं आहे.

विक्रेत्याने तुम्हाला ‘गिफ्ट लिहून किंमत कमी दाखवतो’ असं सुचवलंय. त्याला साफ नाही म्हणा. पोस्टाने किंवा कुरियरने येणाऱ्या पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्येच गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. खोटी किंमत पकडली गेली तर दंड आणि जप्ती आहे. वाटेत पेटी फुटली, तर विमा मिळणार तो कागदावरच्या किमतीचा.

राहता राहिलं ते तीस हजार. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. घराच्या कर्जावर दोघांच्या सह्या आहेत आणि एफडीही दोघांच्या नावावर आहे, म्हणजे ती मोडायला गेला असतात तर तिथेच बिंग फुटलं असतं. खरी किंमत सांगा, आवर्ती ठेवीचं वेळापत्रक दाखवा, आणि पेटी येणार ती तिच्याच भावाच्या बॅगेतून, हे आधी सांगा. माझ्या अनुभवात आकड्यापेक्षा लपवाछपवीवरून भांडण जास्त होतं. तुमच्या घरात कदाचित मेहुण्यांना हमाल केल्यावरून होईल, ते तुम्ही निस्तरा.

घरी आल्यावर काय करायचं तेही लिहितो, कारण पावसाळा जूनमध्येच येतो. एवढी मोठी पुठ्ठ्याची पेटी बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, ओल धरते. कागदाला कसर लागते, पुस्तिकांच्या कडा पिवळ्या पडतात. सिलिका जेलच्या पुड्या आत टाका आणि दर दोन महिन्यांनी बदला. पहिल्याच आठवड्यात १३ नव्या डिस्क एकेक वाजवून पाहा, एखादी अडली तर विक्रेत्याकडे तक्रारीची मुदत संपायच्या आत कळेल. मेहुणे येईपर्यंत पेटी कोव्हेंट्रीत पडून राहणार असेल, तर हे काम त्यांनाच सांगा. मेटल त्यांना आवडत नसलं तरी ‘ब्रिटिश स्टील’मधला यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज काटे-चमच्यांचा ट्रे आपटून काढला होता, एवढं सांगितलंत तर कुतूहलाने ऐकतील.

विक्रेता आठ महिने थांबेल का? बहुधा नाही. त्याला आज लिहा: पेटीचा प्रत क्रमांक, चारही कोपऱ्यांचे फोटो आणि आतल्या वस्तूंची यादी पाठव, मी मार्च-एप्रिलमध्ये घेणार आहे, तेव्हा तुझ्याकडे असेल तर बोलू. या पेट्या अधूनमधून बाजारात येतात; हीच गेली तर दुसरी येईल, तोवर तुमच्याकडे पैसे तयार असतील. आठ महिन्यांनी भाव ६५,००० च्या वर गेलेला दिसला, तर ‘रिफ्लेक्शन्स’, ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ आणि नवी ‘रॉका रोला’ घ्या, आणि आवर्ती ठेव चालू ठेवा.