उपनगरातील बालपणाची कादंबरी वाचताना

प्रौढ कृष्णवर्णीय स्त्री आपल्या अमेरिकी उपनगरातील बालपणाकडे पुन्हा वळते, अशी कादंबरी आपण प्रथमच हाती घेत असाल, तर तिथल्या घरांचा इतिहास आधी समजून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कृष्णवर्णीय वस्त्यांतील गृहकर्जांना हमी नाकारली. पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटाउन या गोऱ्यांच्या उपनगरात १९५७ साली पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा घरासमोर जमाव जमून दगडफेक झाली. आणि घरविक्रीतील वर्णभेदाला देशव्यापी कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. हे ठाऊक असले, म्हणजे अंगणातील हिरवळ नीट कापलेली राहावी यासाठी वडील इतके का झटतात आणि शाळेतील अपमानाविषयी आई का बोलत नाही, हे उमगू लागते.

मराठी वाचकाला येथे दलित आत्मकथने आठवणे स्वाभाविक आहे, कारण १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले होते. तरीही तुलनेची घाई करू नये. या नायिकेच्या घरी बहुधा मोटार असते, पुस्तके असतात, स्वतंत्र खोलीही असते. तिचे दुःख उपासमारीचे नसून वर्गात एकटीच वेगळी दिसण्याचे असते, आणि म्हणूनच ते वाचकाच्या नजरेतून सहज निसटते.

पहिल्या वाचनात फक्त एवढे पाहावे, की प्रत्येक प्रसंगी मुलीला काय कळले होते आणि निवेदिकेला काय नंतर कळले.