ओढ्यावरची वीज आणि बोर्निओचं जंगल: तुमचे प्रश्न

बोर्निओतल्या एका गावाने ओढ्यावर वीज तयार केली आणि त्यातून जंगलही राखलं जातं, त्यावरचे हे तुमचे प्रश्न.

प्रश्न: १० किलोवॅटमध्ये अख्खं गाव कसं काय चालतं? आणि त्यात जंगल कुठून वाचतं?

गाव म्हणजे बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या सारावाक राज्यातलं लाँग लावेन, केन्याह आदिवासींचं. बाकुन धरणासाठी सगळ्यांना हलवायचं ठरलं तेव्हा हे लोक सरकारी वसाहतीत गेलेच नाहीत, नदीच्या वरच्या अंगाला जाऊन राहिले आणि २००२ मध्ये तिथल्या ओढ्यावर १० किलोवॅटचा मायक्रो-हायड्रो, म्हणजे वाहत्या पाण्यावर टर्बाइन फिरवून वीज करणारा छोटा प्रकल्प, बसवला. एसी-गिझर त्यावर नाही चालत, पण दिवे, टीव्ही, वाटून वापरलं तर फ्रीजसुद्धा, आणि मुख्य म्हणजे जनरेटरच्या डिझेलचा खर्च वाचतो.

आता जंगल. या टर्बाइनला तलाव लागत नाही, बारमाही धार लागते, आणि ती धार वरचं रान धरून ठेवतं. रान तोडलं की पाऊस पडल्यापडल्या गढूळ लोंढा येतो, उघडीप पडली की धार बारीक होते, वाळू टर्बाइनची पाती खाते ते वेगळंच. म्हणजे वरचं झाड पडलं तर खाली कोणाच्या तरी घरात अंधार. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मग राखणीला बाहेरचा गार्ड लागत नाही, गावच डोळ्यांत तेल घालून बसतं.

प्रश्न: धरणाची वीज पण रिन्यूएबलच ना, मग विरोध का?

कागदावर रिन्यूएबल, हो. पण बाकुन २,४०० मेगावॅटचं, त्यात सुमारे १०,००० माणसं उठवली गेली आणि केवढं तरी जंगल पाण्याखाली गेलं. बुडालेली झाडं कुजून मिथेन हा हवा तापवणारा वायू सोडतात, तो कोणी मोजायचा? पुढे सारावाकमधल्याच बाराम नदीवर १,२०० मेगावॅटचं धरण येणार होतं, तर लोकांनी २०१३ पासून रस्ते अडवले, पाळ्या लावून बसले, आणि २०१६ मध्ये सरकारने तिथलं भूसंपादन मागे घेतलं.

प्रश्न: सोलर का नाही?

जिथे ओढा नाही तिथे सोलरच. पण दाट रानात सावली, ढग, आणि बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्याच लागतात. ओढा रात्रीही चालतो.

प्रश्न: आपल्याकडे कोणी केलंय का?

केलंय हो! नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या बिलगावात २००३ मध्ये आदिवासींनी श्रमदान करून, केरळच्या तरुण इंजिनिअरांच्या आणि नर्मदा बचाव आंदोलनाच्या साथीने, १५ किलोवॅटचा प्रकल्प उभा केला. २००६ च्या पुरात सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि तो बुडाला. आजही ते आठवलं की राग येतो.

तुमच्या गावात करायचं असेल तर ढोबळ हिशोब असा: सेकंदाला किती लिटर पाणी गुणिले किती मीटर उंचीवरून पाणी खाली येतं (उभी उंची) गुणिले ५, एवढे वॅट. ५० लिटर आणि ४० मीटर असेल तर १० किलोवॅट. फक्त धार मोजायची ती मे महिन्यात, पावसाळ्यात मोजलीत तर फसाल, सह्याद्रीतले बरेच ओढे मेपर्यंत आटलेले असतात.