एकच प्रश्नावली भाषांतर करून दोन देशांतल्या लोकांचं लैंगिक आकर्षण ताडून पाहता येईल का?

नुसत्या भाषांतरावर थांबलात तर नाही. आकडे मिळतील, पण फरक आकर्षणात आहे की लोकांनी प्रश्न वेगळा समजून घेतला म्हणून दिसतोय, हे त्यावरून कळणार नाही.

आकर्षण, वर्तन आणि स्वतःची ओळख यांचे प्रश्न वेगवेगळे ठेवा. जिथे लग्नं घरचे ठरवतात, तिथे जोडीदार कोण आहे यावरून ओढ कुणाकडे आहे ते समजत नाही. अमेरिकन लैंगिकता-संशोधक आल्फ्रेड किन्सींच्या १९४८च्या ० (फक्त भिन्नलिंगी) ते ६ (फक्त समलिंगी) या पट्टीत वर्तन आणि ओढ एकाच आकड्यात येतात. शिवाय एका लिंगाकडची ओढ वाढली की दुसऱ्याकडची घटली, असं ती पट्टी धरूनच चालते. कुणाविषयीच आकर्षण न वाटणाऱ्यांना तिच्यावर जागाच नाही. त्यांच्यासाठी वेगळी ‘एक्स’ ही खूण ठेवावी लागली होती. म्हणून पुरुषांविषयी एक आणि स्त्रियांविषयी एक अशा दोन स्वतंत्र पट्ट्या द्या, दोन्हींवर ‘अजिबात नाही’ हा पर्याय हवाच.

भाषांतर दोघांकडून स्वतंत्रपणे करून घ्या. मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणावं, म्हणजे मूळ प्रश्नाशी ताडून पाहता येतं. तरीही सगळ्यात मोठी चूक यात पकडली जात नाही: ‘आकर्षक वाटतं’ म्हणजे कुणी ‘देखणं आहे’ असं समजतो, कुणी ‘शारीरिक जवळीक हवीशी वाटते’ असं. म्हणून प्रत्येक भाषेत दहा-पंधरा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि ‘यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. ही पायरी कृपा करून गाळू नका.

समोर मुलाखतकार बसला की लोक लपवतात. उत्तरं ज्याची त्याने स्क्रीनवर भरू द्यावीत. फारच नाजूक प्रश्न असेल तर यादीची पद्धत वापरा: निम्म्यांना ४ साधी विधानं, उरलेल्यांना तीच ४ आणि पाचवं नाजूक. कोणती लागू पडतात ते न विचारता फक्त किती ते विचारायचं. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचव्या विधानाला ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण. पण १००० जणांतही हा अंदाज दहाएक टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, आणि सगळीच विधानं लागू पडली तर त्या माणसाचं गुपित उघडं पडतं.

सरासऱ्यांची तुलना अगदी शेवटी. एकाच गोष्टीवर किमान चार प्रश्न असू द्या आणि घटक विश्लेषणात (बरेच प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात का, हे पाहणारी सांख्यिकी पद्धत) दोन्ही देशांसाठी क्रमाने तपासा: रचना सारखी आहे का, प्रश्नांचे भार (प्रत्येक प्रश्न त्या गोष्टीशी किती घट्ट जोडलेला आहे) सारखे आहेत का, आरंभबिंदू (ओढ तेवढीच असताना उत्तरही तेवढंच येतं का) सारखे आहेत का. एखाद्या पायरीवर सीएफआय (मांडलेली रचना प्रत्यक्ष उत्तरांशी किती जुळते याचा निर्देशांक) ०.०१हून जास्त घसरला तर तिथेच थांबा. भारांपर्यंतच जुळलं तर सहसंबंधांची तुलना करता येते, सरासरीची नाही.

डोळ्याच्या बाहुलीचा आकार किंवा जननेंद्रियांवरचे सेन्सर संस्कृतीच्या पलीकडचे वाटतात, पण दाखवलेली चित्रं कुठल्यातरी एका समाजातलीच असतात. त्यातही स्त्रियांमध्ये शरीराचा प्रतिसाद आणि त्यांनी स्वतः सांगितलेली उत्तेजना यांचा मेळ पुरुषांपेक्षा बराच कमी बसतो.

समलिंगी संबंध जिथे गुन्हा आहेत, तिथे नाव, फोन, आयपी पत्ता यांतलं काहीही साठवू नका. वय, व्यवसाय आणि गाव एकत्र दिलं तरी माणूस ओळखू येतो, म्हणून वय गटात घ्या आणि गाव विचारूच नका.