मुलगा ११ वर्षांचा आहे. दोन वर्षं क्लास लावूनही बॉल कंट्रोल होत नाही, बाकीची मुलं पुढे गेली. फुटबॉलची बेसिक स्किल्स कुठल्या वयात येतात? पुढच्या वर्षाची फी भरावी का?

आधी त्याच्या पायाखाली कुठला बॉल आहे ते बघा. ११ वर्षांच्या मुलाला ४ नंबरचा हवा. पण मैदानावर सर्रास ५ नंबरचा देतात आणि पास पोचत नाही म्हणून पोरावरच ओरडतात.

बॉल थांबवणं, जवळचा पास, दोन्ही पायांनी बॉल नेणं हे साधारण ९ ते १२ या वयात पक्कं होतं, आणि त्याचा उंचीशी फारसा संबंध नाही. दिवसाकाठी बॉलला किती वेळा पाय लागला, एवढाच प्रश्न. वेग, लांब किक, अंगावर धक्का घेणं हे मात्र शरीर भरल्यावरच. मुलग्यांची उंची १३-१४ च्या सुमारास झपाट्याने वाढते, मुलींची त्याआधी दीड-दोन वर्षं. त्या काळात काही मुलांचं आधी येत असलेलंही तात्पुरतं बिघडतं. हे पालकांना कोणी सांगत नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझा भाचा सातवीपर्यंत शाळेच्या टीममध्ये मिडफिल्डला होता. डावा पाय सुरेख. आठवीच्या पावसाळ्यात उंची अशी वाढली की जूनमध्ये घेतलेले स्टड गणपतीत बोटांना चावायला लागले. शिवाजी पार्कात उभं राहून मी बघितलंय: पास येतोय, पाय बरोबर जागी जातोय, पण क्षणभर उशिरा, आणि बॉल तळव्याखालून निसटून मागच्या चिखलात. गुडघ्याच्या खाली हाडाला टेंगूळ आलेलं, मॅचनंतर कठडा धरून जिना चढायचा. वाढत्या वयात खेळणाऱ्या काही मुलांना हे दुखणं होतं. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात त्याला, खेळाचा भार कमी केला की बहुतेक निवळतं. त्याच्या कोचने एका शब्दाने न विचारता 'पोरगा मंदावला' म्हणून टीममधून काढलं आणि मिसरूड फुटलेला एक दांडगा मुलगा घेतला. भावोजींना तेवढंच पुरलं. "टॅलेंट असतं तर टिकला असता" म्हणाले आणि संध्याकाळचा गणिताचा क्लास लावला.

इंग्लंडच्या अकॅडम्यांत आता काही वेळा वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून खेळवतात, ते उगाच नाही. तुमच्या मुलाचा जन्ममहिनाही बघा. नोव्हेंबर-डिसेंबरचा असेल तर त्याच गटातला जानेवारीचा मुलगा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. त्याच्याशी तुलना कसली करता?

फी भरा, पण आधी तासभर मैदानावर उभे राहा. वीस पोरांत एक बॉल आणि बाकीची रांगेत, असं असेल तर क्लास बदला. पाचास पाच खेळवणारा कोच शोधा. घरी बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर रोज पंधरा मिनिटं, डाव्या पायानेही.

मुलालाच खेळायचं नसेल तर वरचं सगळं सोडून द्या. आणि गुडघा दुखतच राहिला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मी डॉक्टर नाही.

भाचा दहावीनंतर कॉलेजच्या पोरांबरोबर टर्फवर खेळायला लागला. तोच डावा पाय, तोच पास. मान वर करून मैदान वाचायला शिकायची वर्षं मात्र गेली. आणि भावोजी, फुटबॉल बंद करून गणितात एक मार्क वाढला नाही.